उपनगरांतील भाड्याची घरे : विश्वास, परतावा आणि अंतर

केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी काढलेल्या आदेशात घरभाड्याविषयी एक महत्त्वाची तरतूद होती. भाड्याच्या जागेत राहणाऱ्या कामगारांकडून, त्यांत स्थलांतरित कामगारही आले, घरमालकांनी एक महिन्याचे भाडे मागू नये आणि कामगारांना अथवा विद्यार्थ्यांना घर सोडण्यास भाग पाडणाऱ्या मालकावर कारवाई करावी, असे त्यात म्हटले होते. आदेशामागील हेतू स्पष्ट होता. परंतु ज्यांच्यासाठी तो काढला होता त्यांच्यापैकी असंख्य भाडेकरूंजवळ लेखी करार नव्हता, भाड्याची पावती नव्हती आणि आपण तेथे भाड्याने राहतो हे सिद्ध करणारा अन्य कागदही नव्हता. रोजगार थांबताच खोलीही सुटली आणि महानगरांच्या कडेच्या वस्त्यांमधून लक्षावधी लोक गावाकडे निघाले. शहरातील गरिबाचे घर बहुधा भाड्याचे असते आणि ते भाडे शासनाच्या नोंदीबाहेर असते, ही वस्तुस्थिती त्या वेळी साऱ्या देशाला दिसली.

स्वातंत्र्योत्तर काळात भारताच्या गृहनिर्माण धोरणाचा भर मुख्यतः मालकीच्या घरावर राहिला. गेल्या काही वर्षांत भाड्याच्या घरांकडेही धोरणकर्त्यांचे लक्ष वळले आहे. उपनगरांमध्ये परवडणारे भाड्याचे घर मिळणे कठीण का झाले, त्यासाठी शासनाचे कोणते साहाय्य उपलब्ध आहे आणि त्या साहाय्याच्या मर्यादा कोणत्या, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उपनगरांची वाढ

महानगरांचे मध्यवर्ती भाग विरळ होत जाणे आणि कडेचे भाग दाट होत जाणे, हे भारतीय नागरीकरणाचे ठळक वैशिष्ट्य आहे. २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३.४ लाख होती. २०११ मध्ये ती ३०.९ लाखांपर्यंत घटली. याच दशकात तत्कालीन ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१.३ लाखांवरून १ कोटी १०.६ लाखांवर गेली. दिल्लीतही नवी दिल्ली आणि मध्य दिल्ली या जिल्ह्यांची लोकसंख्या या काळात घटली. नवीन येणारी कुटुंबे नालासोपारा, बदलापूर, नोएडा, गुरुग्राम, श्रीपेरुंबुदूर अशा ठिकाणी स्थिरावत गेली.

या विस्तारातील पुष्कळ वस्त्या प्रशासकीय दृष्ट्या शहर नाहीत, हा मुद्दा विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावा. किमान ५,००० लोकसंख्या, किमान ७५ टक्के पुरुष मुख्य कामगार बिगरशेती व्यवसायात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोकसंख्येची घनता, या तीन निकषांवर जनगणना एखाद्या वस्तीला ‘जनगणना नगर’ ठरवते. अशा नगरांची संख्या २००१ मध्ये १,३६२ होती. २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. तेथील कारभार मात्र सामान्यतः ग्रामपंचायतीकडेच राहतो. परिणामी नगररचना, मलनिस्सारण व गृहनिर्माण यांची शहरी यंत्रणा पोहोचण्याच्या कितीतरी आधी भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहतात.

टंचाई आणि रिकामी घरे

केंद्र शासनाने नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये शहरी घरांची टंचाई १ कोटी ८७.८ लाख असल्याचा अंदाज दिला. तीपैकी सुमारे ९६ टक्के टंचाई आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक व अल्प उत्पन्न गट यांच्या वाट्याची होती. या आकड्यात पूर्णतः बेघर कुटुंबे सुमारे ५.३ लाख होती. सुमारे ८० टक्के टंचाई दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबांची होती. म्हणजेच समस्येचे मुख्य स्वरूप ‘छप्पर नाही’ असे नसून ‘छपराखाली जागा पुरत नाही’ असे होते.

याच सुमारास शहरांमधील रिकाम्या घरांची संख्या वाढत होती. जनगणनेनुसार २००१ मध्ये शहरी भागात ६५ लाख घरे रिकामी होती. २०११ मध्ये ती १ कोटी ११ लाख झाली. एकूण शहरी घरांशी हे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. संख्येने सर्वाधिक, म्हणजे सुमारे ४.८ लाख, रिकामी घरे मुंबईत होती. प्रमाणाचा विचार केल्यास गुरुग्राम २६ टक्क्यांसह आघाडीवर होते. दुसरीकडे, शहरी कुटुंबांतील भाडेकरूंचे प्रमाण १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये सुमारे २८ टक्क्यांपर्यंत उतरले होते.

टंचाई आणि रिकामी घरे एकाच वेळी वाढावीत, हा विरोधाभास कसा समजावून घ्यावा? २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने मालमत्तेच्या हक्कांतील अस्पष्टता, करारांची दुर्बल अंमलबजावणी आणि भाड्यातून मिळणारा अल्प परतावा या कारणांकडे निर्देश केला होता. शहराच्या दाट केंद्रापासून दूर जावे तसे रिकाम्या घरांचे प्रमाण साधारणतः वाढत जाते, असेही त्यात नमूद होते. या कारणांची मांडणी विश्वासाची तफावत, परताव्याची तफावत आणि अंतराची तफावत अशी तीन शीर्षकांखाली करता येते.

विश्वासाची तफावत

भाडे नियंत्रणाचा भारतातील इतिहास पहिल्या महायुद्धापासून सुरू होतो. मुंबई इलाख्यात १९१८ मध्ये युद्धकालीन भाडे निर्बंधाचा कायदा आला. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. महागाई आणि निर्वासितांचे लोंढे यांच्या काळात असे संरक्षण आवश्यकच होते. परंतु तात्पुरता म्हणून केलेला कायदा वारंवार मुदतवाढ मिळून दशकानुदशके टिकला. इमारतींच्या दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, भाडे मात्र गोठलेलेच राहिले. मालकांनी दुरुस्ती सोडली, पागडीची प्रथा रुजली आणि भाड्यासाठी नवीन घरे बांधणे जवळजवळ थांबले. मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, १९९७ च्या अखेरीस दिलेल्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणभाड्याच्या या गोठलेल्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे मत नोंदवले.

त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने प्रमाणभाड्यात दरवर्षी चार टक्के वाढीस मुभा दिली आणि भाड्याचा अथवा अनुज्ञप्तीचा, म्हणजे व्यवहारातील ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे; करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. दिल्लीत १९५८ च्या कायद्यातून दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागा १९८८ मध्ये वगळण्यात आल्या. १९९५ चा नवा दिल्ली भाडे कायदा संसदेने संमत केला, राष्ट्रपतींची मान्यताही मिळाली. तथापि तो कधीच अमलात आला नाही. भाडे कायद्यातील सुधारणा राजकीय दृष्ट्या किती कठीण असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

देशाच्या अनेक भागांत आढळणारा ११ महिन्यांचा करार हाही अविश्वासाचाच परिपाक आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. ती टाळण्यासाठी मुदत ११ महिन्यांवर आणली गेली. उपनगरातील एका खोलीसाठी एवढाही करार सहसा होत नाही. याची किंमत मुख्यतः भाडेकरू मोजतो. पत्त्याचा पुरावा नसल्याने शिधापत्रिका, गॅसजोडणी, मुलांचा शाळाप्रवेश, बँक खाते अशा प्रत्येक ठिकाणी तो अडतो. मालकाच्या मनात ‘घर परत मिळेल का’ ही शंका आणि भाडेकरूच्या मनात ‘उद्या बाहेर काढतील का’ ही भीती, अशा दुहेरी असुरक्षिततेत बाजारपेठ आक्रसते.

या पार्श्वभूमीवर केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्यास मंजुरी दिली. लेखी करार व त्याची भाडे प्राधिकरणाला दोन महिन्यांत माहिती देणे, निवासी जागेसाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत रक्कम, जागेच्या तपासणीपूर्वी २४ तासांची सूचना, पाणी-विजेसारख्या अत्यावश्यक सेवा तोडण्यास मनाई, या भाडेकरूच्या हिताच्या तरतुदी त्यात आहेत. मुदत संपूनही जागा न सोडल्यास पहिले दोन महिने दुप्पट आणि त्यानंतर चौपट भाडे देण्याची तरतूद मालकास दिलासा देते. तंट्यांसाठी भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय व भाडे न्यायाधिकरण अशी त्रिस्तरीय रचना आहे. भाड्याची कमाल मर्यादा मात्र घातलेली नाही. भाडे उभयपक्षी ठरवायचे आहे. जुन्या भाडेकराराला हा कायदा लागू होत नाही.

येथे ‘आदर्श’ हा शब्द महत्त्वाचा आहे. राज्याने आपल्या विधिमंडळात तसा कायदा केल्याशिवाय तो त्या राज्यात लागू होत नाही. तमिळनाडूने २०१७ मध्येच या स्वरूपाचा कायदा केला होता; उत्तर प्रदेश व आसाम यांनी २०२१ मध्ये नवे कायदे केले. सरसकट सर्व राज्यांनी अद्याप तसे केलेले नाही. त्यामुळे उपनगर कोणत्या राज्याच्या हद्दीत येते, यावर भाडेकरूचे हक्क अवलंबून राहतात. दिल्ली, नोएडा आणि गुरुग्राम ही एकाच महानगरी प्रदेशातील तीन ठिकाणे तीन वेगवेगळ्या कायद्यांखाली येतात.

परताव्याची तफावत

कायदा सुधारला तरी गरिबांसाठी भाड्याची घरे आपोआप बांधली जातीलच असे नाही, हे एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. उपनगरातील एका लहान घराची किंमत ३० लाख रुपये आहे आणि गुंतवणूकदारास वर्षाला आठ टक्के परतावा हवा आहे, असे मानू. त्यासाठी वार्षिक २.४० लाख, म्हणजे दरमहा २०,००० रुपये भाडे यावे लागेल. आता भाडेकरूची बाजू पाहू. प्रधानमंत्री आवास योजनेच्या व्याख्येनुसार दुर्बल घटकातील कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची कमाल मर्यादा ३ लाख रुपये, म्हणजे दरमहा २५,००० रुपये आहे. घरखर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, हा सर्वसाधारण निकष लावला तर हे कुटुंब ७,५०० रुपये देऊ शकते. मालकाची अपेक्षा आणि भाडेकरूची ऐपत यांत दरमहा १२,५०० रुपयांची तफावत उरते. तसेच ७,५०० रुपये भाड्याने त्या घरावरील ढोबळ परतावा तीन टक्केच पडतो. त्यातून घरपट्टी व देखभाल वजा करावी लागते. घराची किंमत वाढण्याच्या अपेक्षेने ते रिकामे ठेवणाऱ्यास एवढ्या परताव्यासाठी भाडेकरूचा धोका पत्करावासा वाटत नाही.

करव्यवस्थेचा कलही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. २०१९ पासून स्वतःच्या वापरातील दुसऱ्या घरावरील काल्पनिक भाड्याचा कर माफ झाला. नोकरदारांना घरभाडे भत्त्यावर मिळणारी आयकर सवलत जुनी करपद्धती निवडणाऱ्यांपुरती आहे. जो आयकराच्या कक्षेतच येत नाही, अशा रोजंदारीवरील भाडेकरूला यांपैकी कशाचाही लाभ नाही. करांच्या मार्गाने दिलेले साहाय्य उत्पन्नाच्या वरच्या थरात थांबते, हा सार्वजनिक वित्तव्यवहारातील एक नेहमीचा धडा येथे दिसतो.

मग ही तफावत भरून कशी काढावी? वरील उदाहरणात घराच्या किमतीचा मोठा भाग जमिनीचा आहे. जमीन शासनाने वा उद्योगाने आधीच उपलब्ध असलेली वापरली आणि ३० चौरस मीटरचे घर बांधण्यास १० लाख रुपये लागले, तर त्याच आठ टक्के दराने आवश्यक मासिक भाडे सुमारे ६,६७० रुपयांवर येते. हे भाडे दुर्बल घटकातील कुटुंबाच्या आवाक्यातील आहे. परवडणारी भाड्याची घरे हा प्रश्न मुळात जमिनीच्या किमतीचा प्रश्न आहे, हे या गणिताचे सार होय.

अंतराची तफावत

नागरी अर्थशास्त्रात विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार केंद्रापासून अंतर वाढते तसे जमिनीचे मूल्य घटते आणि प्रवासखर्च वाढतो. कुटुंब या दोहोंचा मेळ घालून राहण्याची जागा निवडते. उपनगरातील भाडे स्वस्त दिसते ते यामुळेच. समजा, कामाच्या ठिकाणाजवळ खोलीचे भाडे ७,००० रुपये आणि प्रवासखर्च नगण्य आहे. उपनगरात भाडे ४,५०० रुपये, परंतु दोन कमावत्या व्यक्तींचा प्रवासखर्च ३,००० रुपये आहे. अशा वेळी स्वस्त घर प्रत्यक्षात ५०० रुपयांनी महाग पडते आणि दररोज खर्ची पडणारे तास वेगळेच. ज्या उपनगरांना लोकलगाडीचा स्वस्त पास उपलब्ध आहे तेथे हे गणित बदलते. मुंबईची उपनगरे वसई-विरार आणि कर्जत-कसारापर्यंत पसरू शकली, त्यामागील एक प्रमुख कारण हेच आहे. म्हणून घर परवडते की नाही हे भाडे व प्रवासखर्च यांच्या बेरजेवर ठरवले पाहिजे.

अंतराचा विचार न करता बांधलेल्या सरकारी घरांची गत काय होते, याचा अनुभव देशाने घेतला आहे. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान आणि राजीव आवास योजना यांच्या काळात बांधलेली हजारो घरे तयार होऊनही वाटपाविना राहिली. कामाच्या ठिकाणापासून दूर, बससेवा व पाणीपुरवठा अपुरा, अशा जागी स्वस्तातले घरही गरिबाला परवडत नाही. कारण तेथे गेल्यास रोजगार सुटतो.

साहाय्याच्या योजना

जुलै २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने परवडणारी भाडे गृहसंकुले ही योजना मंजूर केली. तिचे दोन नमुने होते. पहिल्यात शासकीय निधीतून बांधलेली रिकामी घरे दुरुस्त करून २५ वर्षांसाठी भाड्याने देणे, तर दुसऱ्यात खासगी वा सार्वजनिक संस्थांनी स्वतःच्या मोकळ्या जमिनीवर भाड्याची संकुले बांधून ती २५ वर्षे चालवणे अभिप्रेत होते. एका खोलीची घरे, दोन खोल्यांची घरे आणि खाटांची वसतिगृहे असे तिन्ही प्रकार मान्य होते. प्रारंभिक भाडे स्थानिक सर्वेक्षणाच्या आधारे ठरवायचे, त्यात दर दोन वर्षांनी आठ टक्के आणि पाच वर्षांत एकूण २० टक्क्यांपर्यंतच वाढ करायची, असे सूत्र होते. कामगार, फेरीवाले, रिक्षाचालक, शिकणारे विद्यार्थी आदींना डोळ्यांसमोर ठेवून ही योजना आखली होती.

१ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मध्ये हाच विचार पुढे नेण्यात आला. पाच वर्षांत एक कोटी कुटुंबांना साहाय्य हे तिचे उद्दिष्ट आहे. तिचे चार घटक आहेत : लाभार्थीने स्वतः करावयाचे बांधकाम, भागीदारीतून परवडणारी घरे, परवडणारी भाड्याची घरे आणि व्याज अनुदान. २०१५ च्या मूळ योजनेच्या चार घटकांत भाड्याचे घर नव्हते. नव्या योजनेत ते स्वतंत्र घटक म्हणून आले, हा मूलभूत बदल होय. दुर्बल घटकासाठी ३ लाख, अल्प उत्पन्न गटासाठी ६ लाख आणि मध्यम उत्पन्न गटासाठी ९ लाख अशी वार्षिक उत्पन्नाची कमाल मर्यादा आहे. कुटुंबाच्या मालकीचे पक्के घर देशात कोठेही नसावे, ही अट आहे. नागरी स्थानिक संस्था, सामायिक सेवा केंद्र किंवा योजनेचे एकत्रित संकेतस्थळ यांमार्फत अर्ज करता येतो.

भाडे घटकातील दुसऱ्या नमुन्यात नावीन्यपूर्ण बांधकाम तंत्र वापरणाऱ्या प्रकल्पास केंद्राकडून प्रति चौरस मीटर ३,००० रुपये आणि राज्याकडून २,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. वरील उदाहरणातील ३० चौरस मीटरच्या घरास यातून १.५० लाख रुपये मिळतील. गुंतवायची रक्कम ८.५० लाखांवर येईल आणि आवश्यक मासिक भाडे सुमारे ५,६७० रुपयांपर्यंत उतरेल. म्हणजे अनुदानाने भाडे सुमारे हजार रुपयांनी घटते. जमिनीची किंमत वगळल्याने मात्र ते १३ हजारांहून अधिक रुपयांनी घटले होते. कोणत्या साधनाचा परिणाम किती, हे या तुलनेवरून ध्यानात येते.

अनुभवाचे धडे

पहिल्या नमुन्याखालील संकुलांची सुरुवात चंडीगडपासून झाली. तेथे २,१९५ घरे भाड्यासाठी वापरात आली. सुरत, अहमदाबाद, राजकोट येथेही काही घरे रूपांतरित झाली. तथापि देशभरातील एकूण संख्या पहिल्या काही वर्षांत सुमारे साडेपाच हजारांच्या पुढे सरकली नाही. ज्या घरांना जागेच्या गैरसोयीमुळे मालक मिळाले नाहीत, त्यांना भाडेकरू सहज मिळतील ही अपेक्षा फारशी फलद्रूप झाली नाही, असा याचा अर्थ लावता येतो.

कामाच्या जागेशी घर जोडलेले असले की चित्र बदलते. केरळमधील पालक्काड जिल्ह्यात कांजिकोड या औद्योगिक ठिकाणी राज्य शासनाने स्थलांतरित कामगारांसाठी ६२० खाटांचे ‘अपना घर’ वसतिगृह २०१९ मध्ये सुरू केले. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळील वल्लम वडगाल येथे महिला कामगारांसाठी १८,७२० खाटांचे संकुल ऑगस्ट २०२४ मध्ये खुले झाले. त्यासाठी सुमारे ७०६ कोटी रुपये खर्च झाला. उद्योगाला कामगार हवे आहेत, जमीन औद्योगिक विकास महामंडळाकडे आहे आणि राहण्याची जागा कारखान्याजवळ आहे, असा तिहेरी मेळ येथे बसला. औद्योगिक कामगारांसाठी वसतिगृह स्वरूपाची भाड्याची घरे सार्वजनिक-खासगी भागीदारीतून बांधण्याची घोषणा जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातही करण्यात आली. मात्र अशा वसतिगृहाची खाट नोकरीशी बांधलेली असते. नोकरी सुटली की निवाराही सुटतो, ही त्याची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही.

महाराष्ट्राचा अनुभव वेगळा आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ मध्ये नाममात्र भाड्याच्या १६० चौरस फुटांच्या घरांची योजना आणली. विकासकांना त्या बदल्यात चार चटई क्षेत्र निर्देशांक देऊ करण्यात आला. अतिदाट बांधकाम आणि पायाभूत सुविधांवरील ताण यांवरून तिच्यावर टीका झाली. काही वर्षांतच तिचे स्वरूप विक्रीयोग्य परवडणाऱ्या घरांकडे वळले. पनवेलजवळील कोन येथील या योजनेतील घरे पुढे सोडतीद्वारे गिरणी कामगारांना मालकी हक्काने देण्यात आली. हजारो घरांचे भाडे गोळा करणे, देखभाल करणे आणि भाडेकरू बदलत राहणे यासाठी लागणारी कायमस्वरूपी यंत्रणा बांधकाम करणाऱ्या संस्थांजवळ सहसा नसते. घर विकून मोकळे होणे त्यांना सोपे जाते. भाड्याच्या घराची योजना बांधकामाची कमी आणि व्यवस्थापनाची अधिक असते, हा या अनुभवाचा निष्कर्ष आहे.

लहान घरमालकाचा विचार

शासकीय संकुलांची संख्या हजारांत आहे, तर भाडेकरू कुटुंबे कोटींत आहेत. बाकीच्यांना घर कोण देते? दिल्ली-गुरुग्राम सीमेवरील कापसहेडा येथे मूळ ग्रामस्थांनी बांधलेल्या खोल्यांच्या रांगांमध्ये वस्त्रोद्योगातील हजारो कामगार राहतात. मुंबईच्या उपनगरांतील चाळींमध्येही एक-दोन खोल्या भाड्याने देणारा मालक अनेकदा शेजारच्याच खोलीत राहतो. देशातील परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा खरा पुरवठा हाच आहे. त्यात उणिवा पुष्कळ आहेत : अनेक कुटुंबांत एक शौचालय, विजेचे मनमानी दर, मालकाच्याच दुकानातून किराणा घेण्याची सक्ती आणि कोणत्याही दिवशी खोली रिकामी करण्याचा हुकूम. जात, धर्म, भाषा अथवा एकट्या स्त्रीचे वास्तव्य यांवरून खोली नाकारली जाते, हेही सर्वज्ञात आहे. आदर्श कायद्यात अशा भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कलम नाही.

या लहान मालकाला शिक्षा करून पुरवठा वाढणार नाही. त्याला नोंदणीत आणून तो सुधारता येईल. लेखी करार नोंदवणाऱ्या मालकाला शौचालय, पाणीजोडणी वा वाढीव खोलीसाठी अल्प व्याजाचे कर्ज, घरपट्टीत सूट आणि भाडेकरूला स्वतंत्र वीजमीटर, अशा अटींची साखळी बांधल्यास मालक, भाडेकरू आणि स्थानिक संस्था या तिघांचेही हित साधेल. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यापासून विकसित झालेल्या भाडे साहाय्य पद्धतीत कुटुंब आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडे भरते आणि उरलेला भार शासन उचलते. साहाय्य भाडेकरूबरोबर घर बदलते. भारतात अशी पद्धती सरसकट लागू करणे वित्तीय दृष्ट्या कठीण आहे. शिवाय घरांचा पुरवठा मर्यादित असताना केवळ रोख साहाय्य दिल्यास भाडेच वाढण्याचा संभव असतो. परंतु नोंदणीकृत भाडेकरार अस्तित्वात आल्याशिवाय मर्यादित प्रमाणातही असे साहाय्य देता येणार नाही, हे उघड आहे.

समारोप

घटनेच्या १९ (१) (ङ) या अनुच्छेदाने नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. चमेली सिंह खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्याचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे म्हटले. सर्वांना पुरेसे, सुरक्षित व परवडणारे घर २०३० पर्यंत मिळावे, हे शाश्वत विकासाच्या अकराव्या ध्येयातील पहिले लक्ष्य आहे. कामाच्या शोधात शहर बदलणाऱ्या तरुण कुटुंबासाठी या हक्काचा व्यवहारातील अर्थ मालकीचे घर असा क्वचितच असतो. कामाच्या जवळ, ऐपतीत बसणारी आणि कागदोपत्री आपली म्हणता येईल अशी भाड्याची खोली, असाच तो बहुधा असतो.

कायद्याने विश्वास निर्माण करावा, सार्वजनिक जमिनीने परताव्याचे गणित जुळवावे आणि नगररचनेने अंतर कमी करावे. यांपैकी एकच उपाय एकट्याने पुरेसा ठरत नाही. भाड्याच्या घराला स्वतंत्र घटक म्हणून मान्यता मिळाल्याने धोरणाची दिशा बदलली आहे. २०२० मध्ये ज्यांच्या हाती कागद नव्हता त्यांच्या हाती नोंदणीकृत करार पडेल, तेव्हा ती दिशा परिणामकारक ठरली असे म्हणता येईल.

सरावासाठी प्रश्न

१. शहरी भारतात घरांची टंचाई आणि रिकामी घरे एकाच वेळी का आढळतात? कारणांचे विवेचन करा.

२. भाडे नियंत्रण कायदे आणि आदर्श भाडेकरार कायदा, २०२१ यांच्या दृष्टिकोनांतील फरक स्पष्ट करा.

३. ‘परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा प्रश्न मुळात जमिनीच्या किमतीचा प्रश्न आहे.’ या विधानाचे उदाहरणांसह परीक्षण करा.